येणाऱ्या कन्सोलचा कागद वाचताना मी काय बघतो

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, चुकलो असेन तर सांगा. तुमच्याकडे २०१६ सालचा पीएस ४, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ४ हा गेम कन्सोल, आहे आणि तो हल्ली मिक्सर लावल्यासारखा आवाज करतो. टीव्ही ४३ इंची, फुल एचडी, २०१८ मध्ये घेतलेला. पन्नास-पंचावन्न हजार बाजूला काढून ठेवलेत. मित्र म्हणतो, आता पीएस ५ घेणं म्हणजे पैसे पाण्यात, कारण पुढच्या पिढीचं मशीन येतंय, त्यात न्यूरल अ‍ॅरे, रेडियन्स कोअर असलं काय काय आहे आणि टेराफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला किती लाख कोटी आकडेमोडी होतात तो आकडा, दुप्पट-तिप्पट असणार. तुम्हाला जाणून घ्यायचंय की यातलं तुमच्या उपयोगाचं किती, आणि त्यासाठी थांबायचं का.

मी पुण्यात तपकीर गल्लीजवळ कन्सोल दुरुस्तीचं काम करतो. शाळेत असताना कॅसेटवाले व्हिडिओ गेम फुंकर मारमारून चालवले. पुढे तेच उघडून बसायची खोड पोटापाण्याला लागली. त्यामुळे माझं मत खेळणाऱ्याचं कमी आणि मशीन पालथं घालून त्याचं पोट बघणाऱ्याचं जास्त, हे धरूनच पुढचं वाचा.

आणि एक आधीच कबूल करतो. अर्धं उत्तर तुमच्या घरावर अवलंबून आहे. टीव्ही बदलणार आहात का, लाइट किती वेळा जाते, अर्थिंग धड आहे का, डिस्क घेऊन खेळून झाल्यावर विकून टाकता की सगळं डाउनलोडच करता, यातल्या एकेका गोष्टीने सल्ला फिरतो. तुम्ही टीव्हीचं सांगितलंत, बाकीचं सांगितलं नाहीत, म्हणून काही ठिकाणी 'असं असेल तर' म्हणावं लागेल.

मित्र जे शब्द सांगतोय ते आले कुठून? ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनीचे मार्क सेर्नी आणि चिप बनवणाऱ्या एएमडीचे जॅक ह्युन यांनी एक व्हिडिओ काढला. सेर्नी म्हणजे पीएस ४ आणि पीएस ५ या दोन्हींची रचना ज्यांच्या डोक्यातून आली ते गृहस्थ. या दोन कंपन्यांच्या एकत्रित कामाला त्यांनी प्रोजेक्ट अ‍ॅमेथिस्ट असं नाव दिलंय. त्यात तीन गोष्टी सांगितल्या: न्यूरल अ‍ॅरे, रेडियन्स कोअर आणि युनिव्हर्सल कॉम्प्रेशन. तिसऱ्या गोष्टीचं नाव तुमच्या मित्राने घेतलं नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. का, ते पुढे येईलच. पण त्याच व्हिडिओत सेर्नींनी हेही स्वच्छ सांगितलं की हे सगळं तेव्हा फक्त सिम्युलेशनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकली चाचणीत, आहे आणि काही वर्षांनी येणाऱ्या कन्सोलमध्ये ते आणायची इच्छा आहे. व्हिडिओत नाव नाही, तारीख नाही, किंमत नाही. टेराफ्लॉप्सचा आकडाही नाही. म्हणजे 'दुप्पट-तिप्पट' हे मित्राचं स्वतःचं, किंवा त्याने कुठेतरी वाचलेल्या अफवेचं.

आता त्या टेराफ्लॉप्सचं एकदा उरकून टाकू. हा आकडा कुणी यंत्र लावून मोजत नाही, तो साधा गुणाकार आहे. पीएस ५ च्या ग्राफिक्स चिपमध्ये ३६ कंप्यूट युनिट, म्हणजे आकडेमोड करणारे गट, आहेत. प्रत्येकात ६४ शेडर, म्हणजे प्रत्यक्ष हिशेब करणारे बारके भाग. प्रत्येक शेडर एका ठोक्याला दोन क्रिया करतो. ठोक्यांचा कमाल वेग २.२३ गिगाहर्ट्झ. कॅल्क्युलेटर घ्या: ३६ गुणिले ६४ गुणिले २ गुणिले २.२३. उत्तर येतं १०,२७६ च्या आसपास, म्हणजे १०.२८ टेराफ्लॉप्स. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सीरीज एक्समध्ये ५२ युनिट आणि १.८२५ गिगाहर्ट्झ, तिथे उत्तर १२.१५. झालं. सगळे शेडर प्रत्येक ठोक्याला कामात आहेत, एकही रिकामा बसलेला नाही, असं धरून काढलेला हा कागदावरचा कमाल आकडा.

२०२० मध्ये या १०.२८ आणि १२.१५ वरून पोरांनी एकमेकांची डोकी फोडायची बाकी ठेवली होती. मशीनं आली, आणि पहिल्या वर्षातले बरेचसे खेळ दोन्हींवर जवळपास सारखेच चालले. काही तर कमी आकडेवाल्यावर जरा बरे. असं का होतं, हे समजलं तर कुठल्याही येणाऱ्या कन्सोलचा कागद, म्हणजे कंपनीने दिलेली आकडेवारी, तुम्हाला वाचता येईल.

लग्नातली पंगत डोळ्यांसमोर आणा. आचारी म्हणजे ते शेडर. वाढपी म्हणजे मेमरीची बँडविड्थ, म्हणजे रॅम आणि चिप यांच्यात दर सेकंदाला किती माल ये-जा करू शकतो ते. कोठीघर म्हणजे एसएसडी, खेळ साठवून ठेवणारी वेगवान डिस्क. दहाच्या जागी वीस आचारी आणले पण वाढपी तेवढेच ठेवले, तर जिलबी कढईशेजारी गार होत पडते आणि पंगत 'अजून आली नाही' म्हणत बसते. टेराफ्लॉप्स म्हणजे आचाऱ्यांची हजेरी. पंगत कधी उठली, ते त्यात लिहिलेलं नसतं.

याचा सगळ्यात चांगला पुरावा सोनीनेच दिलाय. सप्टेंबर २०२४ मध्ये पीएस ५ प्रो, म्हणजे पीएस ५ ची जास्त ताकदीची आवृत्ती, जाहीर करताना त्यांनी सांगितलं: जीपीयूमध्ये (ग्राफिक्सच्या चिपमध्ये) ६७ टक्के जास्त कंप्यूट युनिट, मेमरी २८ टक्के जास्त वेगवान, आणि चित्र काढण्याचा वेग ४५ टक्क्यांपर्यंत जास्त. तीन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. आचारी ६७ टक्के वाढले, वाढपी २८ टक्के, आणि पंगत ४५ टक्के लवकर उठली. मधल्या मध्ये. कंपनीच्या स्वतःच्या कागदावर इतकं प्रांजळ उदाहरण क्वचित सापडतं.

पीएस ५ ची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी माल हलवते. ऐकायला प्रचंड. पण सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची ६० चित्रं, काढायची तर एका फ्रेमच्या वाट्याला साडेसात जीबीच्या आत येते, आणि ती वाहतूक प्रोसेसर, ग्राफिक्स, आवाज सगळ्यांनी मिळून वापरायची. १२० फ्रेम हव्या असतील तर निम्मी. म्हणून येणाऱ्या कन्सोलच्या कागदावर मी पहिली ओळ बघतो ती मेमरीची: किती जीबी, आणि सेकंदाला किती. टेराफ्लॉप्स मी सगळ्यात शेवटी वाचतो.

आणि म्हणूनच मला ते युनिव्हर्सल कॉम्प्रेशन आवडलं. आत्ताच्या चिपमध्ये मेमरीकडे जाणाऱ्या मालापैकी ठरावीक प्रकारचाच माल, मुख्यतः रंगांचा डेटा, दाबून पाठवला जातो. नव्या कल्पनेत मेमरीकडे जाणारं प्रत्येक पार्सल तपासायचं आणि दाबता येत असेल तर दाबायचं. म्हणजे वाढपी तेवढेच, पण प्रत्येकाच्या हातात मोठी परात. नवी, महाग मेमरी न लावता वाहतूक वाढवायची ही युक्ती आहे, आणि हार्डवेअर विकत घेणाऱ्याला याचं मोल लगेच कळतं, कारण २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव कसे चढलेत ते आम्ही रोज बघतोय. एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी माल उचलल्यावर आमच्या गल्लीत लॅपटॉपची रॅम विचारायला आलेलं गिऱ्हाईक भाव ऐकून परत जातं. कन्सोल बनवणाऱ्यालाही तीच रॅम त्याच बाजारातून घ्यायची असते.

रॅमबद्दल आणखी एक. ती बोर्डवर सोल्डर केलेली असते. पुढे वाढवता येत नाही, मी तरी कुणाला वाढवून दिलेली नाही. एसएसडी वाढवता येते, टीव्ही बदलता येतो, कंट्रोलर नवा घेता येतो. कमी रॅमचा कन्सोल मात्र शेवटपर्यंत कमी रॅमचाच राहतो. एक्सबॉक्स सीरीज एस १० जीबी घेऊन आला आणि २०२३ मध्ये एका गाजलेल्या खेळाची एक्सबॉक्स आवृत्ती मागे पडली ती त्या धाकट्या मशीनवर पडदा दोघांत वाटून खेळायची सोय बसेना म्हणून. स्वस्तातला कन्सोल घेताना लोक हे बघत नाहीत. स्टोरेज ५१२ की १ टीबी, यावर मात्र अर्धा तास घासाघीस करतात.

बाकी दोन शब्द. रेडियन्स कोअर म्हणजे प्रकाशाच्या किरणांचा माग काढणारा स्वतंत्र विभाग. आत्ता पीएस ५ मध्ये किरण कशावर आदळला ते तपासायला हार्डवेअर आहे, पण कुठल्या दिशेने शोधत जायचं हे काम शेडरनाच करावं लागतं. म्हणजे आचारीच मधून मधून भाजी आणायला मंडईत जातो. नव्यात त्यासाठी वेगळा माणूस. न्यूरल अ‍ॅरे म्हणजे कंप्यूट युनिटांचा गट एकत्र बांधून एआयची मोठी आकडेमोड एकत्रच करणं. आत्ता प्रत्येक युनिट चित्राचा आपापला तुकडा सांभाळतं, आणि तुकड्यांच्या शिवणींवर वेळ वाया जातो. याचा मुख्य उपयोग अपस्केलिंगसाठी, म्हणजे खेळ लहान आकारात काढायचा आणि एआयने तो फोर-के करून दाखवायचा. पीएस ५ प्रोमध्ये पीएसएसआर या नावाने ते आत्ताच आहे. निन्टेंडोच्या स्विच २ या कन्सोलमध्ये एनव्हिडिया या चिप कंपनीचं तसंच डीएलएसएस आहे. एक्सबॉक्सनेही पुढच्या मशीनसाठी एएमडीशीच करार केल्याचं जून २०२५ मध्ये सांगितलं, तेव्हा तिकडेही वारा याच दिशेचा असणार असं मी धरून चालतो.

इथे तुमच्या टीव्हीकडे वळतो. अपस्केलिंगची सगळी करामत फोर-के पडद्यासाठी आहे. तुमचा टीव्ही फुल एचडी, म्हणजे फोर-केच्या पाव पिक्सेल. त्यावर तुम्हाला कडा जरा गुळगुळीत दिसतील, प्रकाश बरा दिसेल, पण ज्यासाठी त्या चिपमध्ये एवढी जागा खर्ची घातली ते तुमच्या भिंतीवर उमटणारच नाही. शिवाय २०१८ चा असा टीव्ही बहुधा साठ हर्ट्झचाच असतो, म्हणजे सेकंदाला साठच चित्रं दाखवतो, तेव्हा १२० फ्रेम हा विषयच नाही. पुढच्या पिढीच्या पहिल्या दोन-तीन गुणांपैकी दोन तरी तुमच्या घरात येऊन झोपून राहतील.

उलट जी उडी तुमच्या टीव्हीवर, तुमच्या सोफ्यावर बसून स्पष्ट जाणवेल ती आधीच दुकानात आली आहे. ती म्हणजे एसएसडी. सेर्नींनी मार्च २०२० मध्ये पीएस ५ समजावून सांगताना बराच वेळ यावर घालवला होता आणि तेव्हा लोकांनी कंटाळून जांभया दिल्या. पीएस ४ ची हार्ड डिस्क सेकंदाला पन्नास ते शंभर एमबी देते. पीएस ५ ची एसएसडी साडेपाच जीबी, आणि दाबलेला माल उलगडणारं हार्डवेअर सोबत असल्याने व्यवहारात आठ-नऊ. म्हणजे जे एक जीबी उचलायला तुमच्या मशीनला दहा ते वीस सेकंद लागतात ते इथे डोळ्याचं पातं लवायच्या आत येतं. तुम्ही लोडिंगच्या पडद्यावर फोन चाळत बसता ना, तो वेळ जवळपास संपतो. पुढचा कन्सोल साडेपाचचे दहा करेल, पंधरा करेल. पण दोन सेकंदांचा एक सेकंद झाला तर कुणाच्या लक्षात येणार? कोठीघराची अडचण या पिढीत मिटली. पीएस ४ वरून येणाऱ्याला सगळ्यात मोठा लाभ मिळतो तो इथेच.

आता माझ्या खऱ्या विषयाकडे येतो, उष्णतेकडे. जाहिरातीत तिला जागा नसते आणि माझ्या टेबलावर येणाऱ्या निम्म्या मशीनांचं कारण तीच असते. येणाऱ्या कन्सोलचा कागद बघताना वॉट किती आणि तो खोका केवढा, या दोन गोष्टी मी एकत्र वाचतो. मोठा कन्सोल दिसायला बोजड वाटतो, पण मला मोठाच बरा. पीएस ५ पहिल्यांदा दिसला तेव्हा ३९ सेंटीमीटरचं ते धूड बघून लोक हसले. ऑक्टोबर २०२० मध्ये सोनीने स्वतःच तो उघडून दाखवला, तेव्हा कळलं की आत १२० मिलिमीटर व्यासाचा, ४५ मिलिमीटर जाडीचा पंखा आणि त्याच्यापुढे भलाथोरला हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारी धातूची पाती, आहे, आणि वीजपुरवठा ३५० वॉटचा. एवढी उष्णता शांतपणे बाहेर काढायची तर जागा लागतेच. त्याच व्हिडिओत एक गोष्ट बघून मी खुर्चीत पुढे सरकलो: धूळ गोळा व्हायला दोन कप्पे, आणि बाजूची पाटी काढली की व्हॅक्यूमने ते रिकामे करायची सोय. ज्याने ते काढलं त्याने कधीतरी दुरुस्तीच्या टेबलावर बसून बघितलं असणार.

कारण आपल्याकडची धूळ म्हणजे नुसती धूळ नसते. दोन वर्षांपूर्वी एक कन्सोल आला. तक्रार, अर्ध्या तासात बंद पडतो. उघडला तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखा थर, आणि तो ब्लोअरने हलेना. नखाने खरवडला तर बोट चिकट झालं आणि वास आला उदबत्तीचा. विचारलं तर टीव्हीच्या युनिटमध्येच वरच्या कप्प्यात देवघर, रोज सकाळ-संध्याकाळ उदबत्ती, गुरुवारी धूप. तेलकट धूर पात्यांवर बसतो आणि त्यावर धूळ जमत जाते. रत्नागिरी-मालवणकडून मशीन आलं की वेगळंच: धूळ कमी, पण स्क्रू गंजलेले आणि एचडीएमआयच्या पत्र्यावर पांढरट-हिरवट बुरशीसारखं काहीतरी. खाऱ्या हवेचा प्रताप. हे कुठल्याही कंपनीच्या कागदावर नसतं, पण तुमचं मशीन सात वर्षं चालणार की तीन, हे त्यावर ठरतं.

एक चांगली गोष्ट सांगायला हवी. पीएस ५ मध्ये चिपचा वेग खोलीच्या तापमानावर ठरत नाही, कामाच्या बोजावर ठरतो. चिपला विजेचा ठरावीक वाटा दिलाय, त्यात बसेल तेवढा वेग. म्हणून मे महिन्यातल्या नागपुरात आणि डिसेंबरातल्या महाबळेश्वरात एकच खेळ सारखाच चालतो, फरक पडतो तो पंख्याच्या आवाजात. फोन जसा तापला की मंद होतो तसं नाही. पुढच्या कन्सोलबद्दल माहिती आली की ही गोष्ट आवर्जून शोधा.

थंड करण्याच्या पेस्टऐवजी तिथे लिक्विड मेटल आहे. उष्णता वाहून न्यायला फार चांगलं, पण ते धातूच, वीज वाहून नेतं. पहिल्यांदा असं मशीन उघडलं तेव्हा मी सवयीने पेस्ट पुसतो तसा कापूस फिरवला, आणि पाऱ्यासारखा एक मणी निसटून चिपशेजारच्या बारक्या कपॅसिटरांमध्ये जाऊन बसला. तासभर भिंगाखाली, श्वास रोखून, एकेक कण टिपला. मशीन वाचलं. माझी खोड गेली. म्हणून सांगतो, नव्या पिढीचा कन्सोल यूट्यूब बघून घरी उघडायचा बेत असेल तर तो आत्ताच सोडा.

उष्णतेचंच दुसरं टोक म्हणजे पहिल्या खेपेचं मशीन. एक्सबॉक्स ३६० बिघडला की त्याच्यावर लागणारी लाल वर्तुळं जुन्या लोकांना आठवत असतील. तापणं आणि निवणं यांच्या फेऱ्यांनी चिपखालचे जोड तडकायचे. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरांहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. त्यानंतर सगळेच शहाणे झालेत, मान्य. तरी कुठल्याही कन्सोलचं दुसरं-तिसरं वर्ष मला पहिल्यापेक्षा बरं वाटतं. चिप बारीक होते, विजेची भूक कमी होते. पीएस ५ ची चिप २०२२ मध्ये सात नॅनोमीटरवरून सहावर आली, तशी. तेव्हा 'नवा येईपर्यंत थांबतो' याचा प्रामाणिक हिशेब म्हणजे तो येईपर्यंत थांबणं, अधिक तो भारतात येईपर्यंत, अधिक एक वर्ष.

'भारतात येईपर्यंत' हे मी उगाच म्हणत नाही. पीएस ५ बाहेर नोव्हेंबर २०२० मध्ये आला, आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला. पीएस ५ प्रो बाहेर ७ नोव्हेंबर २०२४ ला विक्रीला आला, पण तेव्हा भारतात आणला नाही, आणि कारण काय तर वायफाय. त्यात वायफाय ७ आहे, ते ६ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतं, आणि तो पट्टा तेव्हा आपल्याकडे खुला नव्हता. सोनीनेच तसं सांगितलं. ज्या ओळीकडे कुणी ढुंकून बघत नाही त्या ओळीने अख्खं मशीन सरहद्दीवर अडवलं. तेव्हा लोकांनी दुबईहून, सिंगापूरहून मागवले. मागवा, पण बिघडल्यावर इथे वॉरंटी चालत नाही आणि ते शेवटी माझ्याकडे येतं.

कागदावरचं वचन आणि पहिल्या दिवशीचं मशीन यांतही अंतर असतं. पीएस ५ च्या खोक्यावर ठसठशीत 'एट-के' छापलं होतं. २०२४ मध्ये तो शिक्का खोक्यावरून गुपचूप गेला. ज्यांनी त्या एका शब्दाखातर महागडी केबल घेतली त्यांना मी ओळखतो. जास्तीची एसएसडी लावायची खाच पहिल्या दिवसापासून होती, पण ती चालू झाली सप्टेंबर २०२१ मध्ये. व्हीआरआर, म्हणजे टीव्हीने कन्सोलच्या तालावर पडदा ताजा करणं, ते आलं एप्रिल २०२२ मध्ये. हार्डवेअर होतं, सॉफ्टवेअर मागून आलं. फसवणूक म्हणणार नाही मी. पण दुकानात पैसे मोजताना आज जे चालतं त्याचेच मोजावेत.

डिस्कचं बघा जरा. प्रोमध्ये डिस्क ड्राइव्ह नाही, वेगळा घ्यावा लागतो, आणि लावल्यावर पहिल्यांदा इंटरनेटवरून त्याची जोडणी करावी लागते. हवा त्या दिशेने आहे. तुमच्याकडे पीएस ४ च्या डिस्क असणार. पीएस ५ चा डिस्कवाला प्रकार घेतलात तर त्यातल्या बहुतेक सगळ्या त्यावर चालतील. तुम्ही डिस्क घेऊन, संपवून, पुढे विकणारे असाल तर ड्राइव्हशिवायचा कन्सोल घेताना वाचलेले पैसे वर्षभरात परत जातात.

आता पैशांचं. पूर्वी थांबण्याला अर्थ असायचा, कारण कन्सोल जुना होईल तसा स्वस्त व्हायचा. पीएस २ अमेरिकेत २९९ डॉलरला आला आणि २००९ मध्ये ९९ ला मिळायला लागला. ही पिढी उलटी चाललीय. पीएस ५ आपल्याकडे ४९,९९० ला आला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाला. अमेरिकेतही ऑगस्ट २०२५ मध्ये किंमत वाढवली. रॅमचं वर सांगितलंच. त्यामुळे नवा आला की जुना पंचवीस हजारांत मिळेल, या आशेवर मी तरी थांबणार नाही. दिवाळीच्या आसपास सेल लागतात तेव्हा मात्र डोळा ठेवा, त्यात चार-पाच हजार सहज सुटतात.

इथवरचं तुमच्या बाबतीत जुळवून बघतो. मेमरीची वाहतूक, एसएसडी आणि उष्णता या तीन गोष्टी मी कागदावर बघतो. एसएसडीची उडी तुम्ही आजच मारू शकता. मेमरीच्या वाहतुकीत पीएस ४ च्या सेकंदाला १७६ जीबीवरून ४४८ वर जाल, तीही मोठीच. येणाऱ्या मशीनची खरी नवलाई फोर-के टीव्हीशिवाय दिसणार नाही. म्हणजे थांबलात तर तुम्हाला कन्सोलसोबत टीव्हीचेही पैसे जमवावे लागतील, आणि त्या मशीनमधलं तंत्र ऑक्टोबर २०२५ मध्ये अजून सिम्युलेशनमध्येच होतं. तुमच्या जागी मी असतो तर डिस्कवाला पीएस ५ घेतला असता. हाच टीव्ही आज फोर-के, १२० हर्ट्झचा असता आणि घरात आधीच पीएस ५ असता, तर मी म्हणालो असतो की थांबा, प्रोच्या वाटेलाही जाऊ नका. आणि खेळायला सध्या वेळच नसेल, तर अर्थातच काहीच घेऊ नका.

घेतलात तर एक काम आधी करा. इलेक्ट्रिशियनला बोलावून टीव्हीच्या मागच्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. दीडशे-दोनशे रुपयांचं काम. पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या मशीनांत 'पडद्यावर काही दिसत नाही' ही तक्रार सगळ्यात जास्त असते. पंखा फिरतो, दिवा लागतो, चित्र नाही. एचडीएमआयच्या खाचेमागे एक बारीक चिप असते, ती उडालेली असते. केबल टीव्हीच्या वायरीतून किंवा इंटरनेटच्या लॅनमधून कडाडलेल्या विजेचा झटका टीव्हीत येतो आणि एचडीएमआयमधून कन्सोलमध्ये. अर्थिंग नसेल तर वीज कडाडायची गरजही नाही, चालू मशीनला केबल खुपसतानाच्या ठिणगीने काम भागतं. तुमच्या घरी टीव्हीच्या मागे हात गेल्यावर मुंग्या येतात का, ते आठवून बघा. येत असतील तर कन्सोल कुठला, हा प्रश्न नंतरचा. आणि एचडीएमआय लावता-काढताना दोन्ही मशीनांचे प्लग काढा, नुसतं रिमोटने बंद करून नाही.

तोवर तुमचा पीएस ४ टाकून देऊ नका. तो आवाज बहुतेक धुळीचा आणि वाळलेल्या पेस्टचा आहे. साफसफाई आणि नवी पेस्ट हजार-दीड हजारात होते, जवळच्या कुठल्याही भरवशाच्या माणसाकडून करून घ्या. मग तो शांतपणे वर्षभर काढेल आणि विकायला काढलात तरी बरे पैसे येतील. टीव्हीच्या मागच्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो, तो इथे लिहा. फुल एचडी म्हणून घेतलेला टीव्ही कधीकधी कन्सोलचा एचडीआर सिग्नल (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारा) धड घेत नाही आणि रंग धुरकट दिसतात. कुठल्या खाचेत लावायचं आणि सेटिंगमध्ये काय बंद करायचं, ते नंबर बघून सांगतो.